उणे सोळा मीटर रुंदीचा हॉल

केतकीपाडा, दहिसर (पूर्व)
दि. १२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार
संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे

आदरणीय मृणालिनी मॅडम,
सविनय जय भीम.

आत्ता बोरिवलीच्या साइटवरून आलो, हातांचं सिमेंट दोनदा धुतलं आणि पाटावर वही ठेवून हे पत्र लिहायला बसलो. कागदाला डाग पडू नये म्हणून खाली प्लॅस्टिक घातलं आहे.

मी चंद्रप्रकाश सरकटे. दिवाळीआधी तुमच्या स्वयंपाकघरात लाद्या बसवायला आम्ही दोघे आलो होतो. गुडघ्याला पट्टा बांधलेले ते बाळामामा, आमचे मिस्त्री. त्यांच्या हाताखालचा, न बोलणारा, तो मी. शेवटच्या दिवशी मी भिंतीवर पेन्सिलीने केलेला लाद्यांचा हिशोब तुम्ही चष्मा लावून वाचलात आणि विचारलंत, "दहावी झालास का रे?" मी म्हणालो, गणित राहिलं. तुम्ही म्हणालात, घाटकोपरच्या शाळेत पस्तीस वर्षं गणितच शिकवलं, अडलं तर विचार. मी फोन नंबर मागितला तर म्हणालात, "फोनवर गणित शिकवता येत नाही आणि माझा फोन बटणांचा आहे. कागद पाठव."

तर कागद पाठवतो आहे. मार्चमध्ये परीक्षा आहे. फॉर्म भरला. बाकीचे विषय सुटलेले आहेत, एकटं गणित द्यायचं. भूमितीची भीती नाही, काटकोन रोज लावतो. बीजगणितात अडतो आणि तेही एकाच ठिकाणी, अवयवांशी. पुस्तकात x² + 7x + 12 दिलं आहे आणि लगेच खाली (x + 3)(x + 4). मधे काय झालं ते कळत नाही. सातचे तीन आणि चारच का केले? दोन आणि पाच का नाही? एक आणि सहा का नाही?

पास का व्हायचं तेही सांगतो. बाळामामा सत्तेचाळीस वर्षांचे आहेत आणि खाली बसले की उठताना भिंत धरतात. मी बावीस वर्षांचा आहे आणि थंडीत माझा उजवा गुडघा आताच बोलायला लागला आहे. आयटीआयमध्ये इमारतींचे नकाशे काढायचा कोर्स आहे. ते काम टेबलाशी बसून करतात. पण दहावी पास असल्याशिवाय दारात उभं करत नाहीत.

सोबत पाच गणितं सोडवून पाठवली आहेत. अक्षर स्वच्छ आहे.

आपला नम्र,
चंद्रप्रकाश राजाराम सरकटे

ता. क. जादा उरलेल्या चार लाद्या पलंगाखाली उभ्या ठेवा, आडव्या नको. आणि नव्या लाद्यांवर चोवीस तास पाय ठेवू नका असं सांगितलं होतं, ते पाळलं गेलं ना?


मुलुंड (पूर्व)
१८ नोव्हेंबर २०२४

चि. चंद्रप्रकाश,
अनेक आशीर्वाद.

दहिसरहून मुलुंडला पत्र यायला चार दिवस लागले. चालत आला असतास तरी आधी पोचला असतास. मॅडम नको, बाई म्हण. मॅडम ऐकलं की बँकेत उभी आहे असं वाटतं.

त्या चार लाद्यांवर माझा अजून राग आहे. लागतात तेवढ्याच आणायच्या, तर तू दहा टक्के जादा धरायला लावल्यास. रोज केर काढताना केरसुणी त्यांना अडते.

आता तुझा प्रश्न. पुस्तक मीट. एक अख्खी चौरस लादी घे, तिची बाजू x. x लांबीच्या आणि 1 रुंदीच्या सात पट्ट्या घे. 1 बाय 1 चे बारा तुकडे घे. हे सगळं जमिनीवर मांडून एकच आयत बनव. एकही तुकडा उरता कामा नये, एकही भोक राहता कामा नये. जमलं की मला लिही, सात पट्ट्या दोन्ही बाजूंना कशा वाटल्यास. मी काहीही सांगणार नाही.

पाच गणितं पाहिली. तीन चूक आहेत. कुठे चुकलास ते मात्र मला कळेना, कारण तू सगळं पुसून, पुन्हा लिहून, लग्नाच्या पत्रिकेसारखं पाठवलंस. मला पत्रिका नको. खोडलेलं पाठव. चूक दिसली तर मी तिला धरीन ना!

मृणालिनी केळशीकर


दहिसर, २४ नोव्हेंबर २०२४, रविवार
सकाळचे नऊ

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

मांडलं. साइटवर जेवणाच्या सुट्टीत दोन फुटी लादी घेतली, चार इंची पट्ट्या कापल्या, बारा तुकडे भंगारातून निवडले. बाळामामा डबा उघडून बघत होते. ते मालवणचे आहेत. म्हणाले, "काय रे चंद्या, लादी लावतंस की भातुकली मांडतंस?"

आधी उजवीकडे दोन पट्ट्या आणि खाली पाच लावल्या. कोपऱ्यात जी रिकामी जागा राहिली तिच्यात दहाच तुकडे बसले, दोन उरले. मग एक आणि सहा लावून बघितल्या. जागा सहाची, सहा तुकडे उरले. मग तीन आणि चार. कोपरा बरोबर बाराचा झाला. एक तुकडा उरला नाही, एक भोक राहिलं नाही. एक बाजू x + 3, दुसरी x + 4.

बाई, सहा वर्षं मला वाटत होतं की पुस्तकवाल्यांना आतून उत्तर माहीत असतं आणि ते आपल्याला सांगत नाहीत. पट्ट्या वाटायच्या अशा की कोपरा भरला पाहिजे, एवढंच होतं ते.

बाळामामांना दाखवलं. ते बघून म्हणाले, "मग मी इतकी वर्षां ह्याच करतंय. माका कोणी दहावी दिली नाय ती." आणि दोन तुकडे डब्याखाली टेकू म्हणून घेऊन गेले.

सोबत आठ गणितं. खोडलेलं पाठवायची लाज वाटते. तरी सहाव्या गणितात एक चूक ठेवली आहे. तिच्यावर पट्टीने रेघ मारली आहे.

चोवीस तासांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. लाद्या ठीक आहेत ना?

आपला,
चंद्रप्रकाश


मुलुंड, २ डिसेंबर २०२४

चि. चंद्रप्रकाश, आशीर्वाद.

पट्टीने मारलेली खोडाखोड मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. शेजारच्या शुभाताईंना दाखवून आले.

आठही बरोबर. पण तुझं तुला कळलं पाहिजे की बरोबर आहे. तू माझ्याकडे लादी बसवलीस की थापीच्या दांड्याने वाजवून बघत होतास, आठवतं? भरीव वाजली की पुढची. इथेही तेच. अवयव पाडलेस की दोन कंसांचा गुणाकार कर. पहिली राशी परत आली तर लादी भरीव. नाही आली तर पोकळ, काढून पुन्हा बसव. मला विचारायची गरज नाही, पुस्तकामागची उत्तरं बघायची गरज नाही.

आता पुढचं. राशीला शून्य बरोबर केलं की समीकरण होतं, आणि x शोधता येतो. दोन कंसांचा गुणाकार शून्य, म्हणजे एक तरी कंस शून्य असणार. सोबत दहा दिली आहेत. सगळ्यांत वजाबाकी आहे. तिथे पट्ट्या मांडून भागणार नाही, डोकं लागेल.

लाद्यांचं राहू दे. अवयवांकडे बघ.

मृ. केळशीकर


दहिसर, १५ डिसेंबर २०२४, रविवार
सकाळचे दहा

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

दहा समीकरणं सोडवली. सगळी वाजवून बघितली. भरीव आहेत.

नमुना म्हणून पहिलं लिहितो. x² + x − 20 = 0. वीसचे असे दोन तुकडे हवेत की एकातून दुसरा वजा केला की 1 उरेल. 5 आणि 4. म्हणून (x + 5)(x − 4) = 0. म्हणून x = 4. दुसरं उत्तर −5 येत होतं, ते टाकून दिलं. दहाही गणितांत ऋण आलेलं टाकून दिलं आहे, कारण लांबी ऋण नसते. असली लादी कुठल्याच दुकानात मिळत नाही.

लाद्यांचं तुम्ही दुसऱ्यांदा टाळलंत. माझ्या कामात काही कमी राहिली असेल तर स्पष्ट सांगा. पुढच्या रविवारी येऊन सगळी जमीन पुन्हा वाजवून देतो. पैसे नकोत.

आपला,
चंद्रप्रकाश


मुलुंड, २१ डिसेंबर २०२४

चंद्रप्रकाश,

दहाच्या दहा गणितांत अर्धं उत्तर फेकून दिलंस! अरे, लादी पहिल्या गणितात होती, ती गेली. आता समोर नुसता x आहे. तो लांबी आहे असं तुला कोणी सांगितलं? तो तापमान असेल, कोणाचं कर्ज असेल, काहीच नसेल. −5 घालून बघ: पंचवीस वजा पाच वजा वीस. शून्य येतं की नाही? मग तो बिचारा बरोबर आहे. त्याला बाहेर काढायचा तुला अधिकार नाही. दोन्ही उत्तरं ठेवायची. पुन्हा एकदा लिहिते: दोन्ही ठेवायची.

आणि परीक्षा होईपर्यंत मुलुंडला पाऊल टाकायचं नाही. रविवार अभ्यासाला आहे.

आता मी एक विचारते. तुझ्या कागदावर मागच्या पानाचे दाब उमटलेले दिसतात. म्हणजे तू प्रत्येक गणित आधी एकीकडे करतोस आणि मग इथे उतरवतोस. दहा गणितांना तुला किती वेळ लागला? आणि मागच्या वेळी गणितात किती गुण पडले होते? हे तूही टाळतोस.

मृ. के.


दहिसर, ५ जानेवारी २०२५, रविवार
दुपारचे चार

आदरणीय बाई,

दहा गणितांना पावणेचार तास लागले. तीन वेळा उतरवली.

मागच्या वेळी चोवीस गुण पडले. मार्च २०१९. घरी मी सांगितलं, पेपर कठीण होता. तो कठीण नव्हता. मी प्रत्येक गणित मागच्या पानावर कच्चं करायचो, मग पुढे पक्कं उतरवायचो, आणि उतरवताना एक आकडा वेडावाकडा आला तरी पूर्ण पान रद्द करून पुन्हा सुरुवात करायचो. शेवटची घंटा झाली तेव्हा मागची पानं भरलेली होती आणि पुढची अर्धी कोरी. पर्यवेक्षक बाईंनी कागद ओढून घेतला. मी म्हणत होतो, उत्तर मागे आहे, मागे बघा. त्या म्हणाल्या, "मागचं कोणी तपासत नाही."

माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एक अक्षर चुकलं की आख्खी पाटी पुन्हा पांढरी करावी लागायची आणि तो रंग त्यांच्या मजुरीतून जायचा. मला ते समोर बसवून शुद्धलेखन घ्यायचे. चुकलेला शब्द खोडू द्यायचे नाहीत, नवं पान घ्यायला लावायचे. ते आता नाहीत. सवय राहिली.

हे पत्रसुद्धा दुसऱ्यांदा लिहितो आहे. पहिलं फाडलं.

तुम्ही रागावून येऊ नको म्हणालात असं मला वाटतं. तसं असेल तर माफी असावी.

चंद्रप्रकाश


मुलुंड, ११ जानेवारी २०२५

चि. चंद्रप्रकाश,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. मुळीच नाही. यायला नको म्हणाले त्याचं कारण दुसरं आहे, ते परीक्षा झाल्यावर सांगेन. तोवर त्याचा विचार करायचा नाही.

तुझं पत्र वाचून मी वर्गातली जुनी मुलं आठवत बसले. स्वच्छ वहीला मीही गुण दिले आहेत, उगाच दिले आहेत.

तुझे वडील पाटी रंगवत होते, ती रस्त्यावर लागायची. तुझी उत्तरपत्रिका कुठेही लागणार नाही. ती एकच माणूस बघणार, घाईत, चहा पिता पिता. त्याला वळणदार अक्षर नको, पायऱ्या हव्यात.

आजपासून असं. पेन घ्यायचं, पेन्सिल नाही. खोडरबर आईकडे देऊन टाकायचा. घड्याळ समोर ठेवून एका गणिताला सहा मिनिटं. चुकलं तर एक आडवी रेघ, हाताने, पट्टीने नाही, आणि खालच्या ओळीवर पुढे. कागद जसा होईल तसा पाकिटात घालायचा. फाडलेलं पत्र मला कळतं. कसं कळतं ते सांगणार नाही.

दर आठवड्याला वीस गणितं पाठव. मी उत्तराला पत्र लिहीत बसणार नाही, तपासून तोच कागद परत पाठवीन.

मृ. केळशीकर


दहिसर, ९ मार्च २०२५, रविवार
सकाळचे सव्वासात. अजून चहा घेतलेला नाही.

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

दोन्ही पेपर झाले. माझी वाट लागली आहे.

बीजगणिताचे सगळे प्रश्न सोडवले, एकही कोरा ठेवला नाही. सात ठिकाणी खोडलं, हाताने. घंटा व्हायला आठ मिनिटं होती तेव्हा मी मोकळा होतो. आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेत खिडकीबाहेर बघितलं. बाहेर एक माणूस नारळाच्या झाडावर चढत होता, तो उतरेपर्यंत बघितला. मग घरी आलो, जेवलो, आणि हात धुताना आठवलं.

प्रश्न असा होता. एका आयताकृती हॉलची लांबी रुंदीपेक्षा 4 मीटरने जास्त आहे. क्षेत्रफळ 192 चौरस मीटर. लांबी व रुंदी काढा. मी रुंदी x धरली. x² + 4x − 192 = 0. एकशे ब्याण्णवचे सोळा आणि बारा. (x + 16)(x − 12) = 0. x = 12 किंवा x = −16. इथे माझा हात थांबला. मला ऋण टाकावंसं वाटलं. पण तुमचं डिसेंबरचं पत्र कानात वाजत होतं, त्या बिचाऱ्याला बाहेर काढायचा तुला अधिकार नाही. म्हणून मी लिहिलं: हॉलची रुंदी 12 मीटर व लांबी 16 मीटर, किंवा रुंदी −16 मीटर व लांबी −12 मीटर. गुणून वाजवूनसुद्धा बघितलं. उणे सोळा गुणिले उणे बारा, एकशे ब्याण्णवच येतात. भरीव!

बाई, मी लादीवाला आहे. आख्ख्या परीक्षा केंद्रात माझ्याएवढं कोणाला माहीत नसेल की उणे सोळा मीटर रुंदीचा हॉल नसतो. आणि मीच तो लिहून आलो. बाळामामांना सांगितलं तर त्यांनी थापी खाली ठेवली आणि म्हणाले, "त्या हॉलाक लादी किती लागतली रे? की लादी तेच आमका देतले?" दोन दिवस तेच चाललं आहे. "चंद्या, उणे हॉलाचो भाव सांग."

घरी बसून गुण मोजले. जिथे थोडीही शंका तिथे शून्य धरलं. बीजगणित, भूमिती आणि शाळेचे गुण मिळून अडतीस होतात. त्यातून तुटफुटीचे दहा टक्के काढले तर चौतीस पूर्णांक दोन. पास व्हायला पस्तीस हवेत.

म्हणजे शून्य पूर्णांक आठने गेलो. आयटीआयचा फॉर्म आणला होता तो आईने देव्हाऱ्यात ठेवावा तसा फळीवर ठेवला आहे, बाबासाहेबांच्या फोटोखाली. मला तिकडे बघवत नाही.

चंद्रप्रकाश


मुलुंड, १४ मार्च २०२५

चि. चंद्रप्रकाश,

आधी चहा घे. मग वाच.

हॉलची शेवटची पायरी चुकली हे खरं, आणि त्यातला अर्धा वाटा माझा आहे. नुसता x असेल तर दोन्ही ठेव, हॉल असेल तर हॉलकडे बघ, हे वाक्य मी लिहायला हवं होतं. मी नुसतीच ओरडले.

आता माझ्या पेनाने तपासते. गणित समजा चार गुणांचं. समीकरण मांडलंस, एक. मधल्या पदाची फोड केलीस, एक. दोन्ही किमती काढल्यास, एक. हॉलची रुंदी निवडताना घसरलास, एक गेला. तीन मिळाले. तू शून्य धरलं होतंस. म्हणजे जिथे जिथे शंका म्हणून शून्य धरलंस तिथे तिथे पायऱ्यांचे गुण पडलेत, कारण या वेळी पायऱ्या पुढच्या पानावर आहेत.

आणि ते तुटफुटीचं! अरे शहाण्या, तुटफूट धरून लाद्या जादा घेतात की कमी? माझ्या पलंगाखाली चार जास्तीच्या का उभ्या आहेत? दहा टक्के लावायचेच असतील तर वर लाव. अडतीसचे एक्केचाळीस पूर्णांक आठ झाले. सुटलास.

बाळामामांना माझा निरोप दे, उणे हॉलाला लादी मी पुरवीन.

निकालापर्यंत मोजणं बंद. कामावर जा.

मृ. केळशीकर


दहिसर, १४ मे २०२५, बुधवार
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. आई पाणी भरते आहे, मी दारात पायरीवर बसलो आहे.

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

एकोणपन्नास.

काल दुपारी साइटवर निकाल बघितला. फोन माझा होता पण हातांना सिमेंट होतं, म्हणून बाळामामांनी बोट लावलं. त्यांना बारीक आकडा दिसेना. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "एकूणपन्नास की एकूणचाळीस? काय ता असो, पस्तिसाच्या वर हा." मग खाली बसले, आणि उठताना भिंत धरायची सोडून माझा खांदा धरला. म्हणाले, "जा बाबा. ह्यो गुडघो घेऊन जा आणि खुर्चीर ठेव."

आईला सांगितलं. फळीवरचा फॉर्म काढून तिने पदराने पुसला आणि म्हणाली, "हा आता भर. पेनानेच भर."

मी तो भरला. पत्त्याच्या रकान्यात पिनकोड चुकला. एक आडवी रेघ मारली आणि वर बरोबर लिहिला. झोपायच्या आधी वाटलं नवा फॉर्म आणावा. पण झोप लागून गेली, बाई. सकाळी उठलो तेव्हा ते वाटणं नव्हतं.

परीक्षा झाल्यावर एक कारण सांगणार होतात. मी मार्चपासून थांबलो आहे. आठवण करून देतो, एवढंच.

आपला,
चंद्रप्रकाश


मुलुंड, २० मे २०२५

चि. चंद्रप्रकाश,
अनेक, अनेक आशीर्वाद.

एकोणपन्नास! शुभाताईंना सांगून आले. त्यांनी विचारलं, तो पट्टीने खोडणारा का?

आता माझी पाळी. पिठाच्या डब्याजवळची, ओट्यापासून चौथी लादी पोकळ वाजते. दिवाळीच्या आधीपासून.

तुझ्या कामात काही कमी नव्हती. तू दाराला दोरी बांधून बजावून गेलास की चोवीस तास पाय ठेवू नका. त्याच संध्याकाळी मला तहान लागली. माठ आत राहिला होता. मी दोरीखालून वाकून गेले, ओट्याकडे जाताना त्या चौथ्या लादीवर पाय पडला आणि ती माझ्या पायाखाली किंचित हलली. मी परत आले आणि कोणाला काही बोलले नाही. पस्तीस वर्षं मुलांना सांगत आले की चूक लपवू नका.

तुझं पहिलंच पत्र आलं, त्यात तोच प्रश्न. उत्तर लिहायला पेन उचललं. पण तुझा स्वभाव कळला होता. एक लादी पोकळ आहे म्हटलं असतं तर तू सगळी जमीन उकरली असतीस, मार्चची परीक्षा तिथेच गेली असती. म्हणून टाळलं. निदान स्वतःला तसं सांगितलं. खरं तर लाजही वाटत होती.

ही माझी चूक आहे, खोडत नाही. सवडीने ये. लादीचे आणि मजुरीचे पैसे मी देणार.

मृणालिनी केळशीकर


दहिसर, १ जून २०२५, रविवार
सकाळचे आठ

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

काल आपण समोरासमोर बोललो, तरी हे लिहितो, कारण हिशोब कागदावर असलेला बरा.

तुमचं पत्र मिळाल्यावर मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. आधी हायसं वाटलं, कारण सहा महिने मी धरून चाललो होतो की माझंच काम बिघडलं. मग हसू आलं. तुम्ही दोरीखालून वाकून माठाकडे जात आहात हे डोळ्यांसमोर येत होतं.

काल थापीने वाजवलं तेव्हा तुम्ही पाठ करून उभ्या होतात. तिसरी भरीव, चौथी पोकळ, पाचवी भरीव. मी म्हणालो, "एकच आहे." तुम्ही म्हणालात, "नीट ऐक. अजून असतील." मी म्हणालो, "बाई, एकच आहे. तुम्ही एकदाच गेलात." तेव्हा कुठे वळलात.

लादी काढली तर खाली एका कोपऱ्यात सिमेंटच्या मसाल्याने तिला धरलंच नव्हतं, तळहाताएवढी जागा. बाकी तीन कोपरे घट्ट होते. आणि नवी लादी विकत आणावी लागली नाही. पलंगाखालून काढली. तुम्ही म्हणालात, "बोल, बोल, तुझे दहा टक्के." मी काही बोललो नव्हतो. तुम्हीच बोललात.

माठ बाहेर हॉलमध्ये ठेवून आलो आहे. दोरीऐवजी दारात खुर्ची आडवी ठेवली आहे, तिच्याखालून वाकता येत नाही. आज दुपारी साडेतीनला चोवीस तास होतील. हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत ते झालेले असतील, तरी लिहून ठेवतो.

आयटीआयची यादी जुलैत लागेल. पहिल्या यादीत नाही तर दुसऱ्या यादीत.

हिशोब:

परीक्षेचा फॉर्म, उशिराच्या दंडासह: ५२० रु.
प्रश्नसंच: १८० रु.
वह्या, तीन: १२० रु.
पाकिटं व तिकिटं, सात मोठी पत्रं, सहा रुपयांप्रमाणे: ४२ रु. (जानेवारी-फेब्रुवारीच्या गणितांच्या कागदांची पाकिटं बाळामामांनी आणून दिली, पैसे घेतले नाहीत.)
लादी चिकटवायची पावडर, एक किलो: ६० रु.
लादी, एक: जादा उरलेल्यांतली. शून्य.
मजुरी: शून्य. यावर पुन्हा बोलू नये.

एकूण: ९२२ रु.

येणं: काही नाही.
देणं: तुम्ही निघताना माझ्या पिशवीत घातलेले दोनशे रुपये. ते बसमध्ये सापडले. नकाशाची मोठी पट्टी घ्यायला वापरतो आणि देणं म्हणून लिहून ठेवतो. पहिला नकाशा तुमच्या स्वयंपाकघराचा काढीन, चौथ्या लादीसकट. तो मिळाला की फिटले समजा.

पलंगाखाली उरल्या तीन लाद्या. उभ्याच ठेवा.

आपला,
चंद्रप्रकाश

ता. क. एकूण आधी ९१६ लिहिलं होतं, या पत्राचं पाकीट धरायचं राहून गेलं. ते खोडलं आहे, हाताने. पान बदललेलं नाही.